वीस मिनिटांची शांतता

चि. मनू,

काल फोनवर "प्रश्न सोपा होता गं, तरी घालवला" एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हा मी काहीही बोलले असते तरी तुला तो उपदेशच वाटला असता. म्हणून हे पत्र. (उपदेश यातही आहे, पण पत्र मिटून ठेवता येतं.)

नोकरीच्या मुलाखतीत बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधोमध बघून निम्मी बाजूला टाकत शोधायचं) लिहायला सांगितलं आणि तू वीस मिनिटं गप्प बसलीस. मी इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसते आहे, तर तिकडचं सांगते. मुलाखत संपली की आम्हाला लिहून द्यावं लागतं: काय विचारलं, उमेदवाराने काय केलं, घ्यावं की नको, आणि का. आमच्याकडे निर्णय घेणारे बहुतेक जण मुलाखतीला हजरच नसतात. तू मनातल्या मनात तीन वाटा चाचपून पाहिल्या असशील, पण माझ्या कागदावर उतरतं ते 'बराच वेळ शांत होती' एवढंच. मुलगी हुशार आहे असं आतून वाटत असलं, तरी तिची बाजू मांडायला माझ्या हातात काही नसतं. चुकीची वाट का होईना, बोलून दाखवलीस तर मी तिथे बोट ठेवू शकते.

आणि 'सोपा' म्हणालीस म्हणून सांगते. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संग्रहातल्या) बायनरी सर्चमध्ये जवळपास नऊ वर्षं एक चूक दडून बसली होती. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागायचं, तूही तेच करतेस. पण यादी अब्जावर गेली आणि ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या (तिथे मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या) पुढे सरकली की आकडा उणे होतो आणि प्रोग्राम कोसळतो. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी हे जाहीरपणे लिहिलं. गंमत म्हणजे तो कोड त्यांनी स्वतःच लिहिलेला होता.

विमानात किती चेंडू मावतील असली कोडी पाठ करणं सोड. तेव्हा गूगलमध्ये माणसं निवडण्याचं काम पाहणाऱ्या लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच सांगून टाकलं होतं की त्यातून काही कळत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं इतकंच.

माझ्या पहिल्या नोकरीत कोडमधल्या एका चुकीशी मी तीन दिवस एकटीच झुंजले. मला येत नाही हे कुणाला कळू नये, ही धास्ती. चौथ्या दिवशी शेजारच्याला विचारलं, तर सेटिंग भलत्याच फाइलमध्ये होती. तो हसला नाही. "सोमवारीच का नाही विचारलंस?" एवढंच म्हणाला. ते मला अजून टोचतं. नोकरीत निम्मा वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात आणि विचारण्यात जातो. अडल्यावर ही मुलगी तोंड उघडेल का, हेच मी मुलाखतीत बघत असते.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हणाले तर "नाही" म्हणू नकोस. रात्री दोनला सिस्टिम बंद पडली तर कोण उठतं, ते विचार. उत्तर देताना ते एकमेकांकडे बघू लागले, तर समजून जा.

रविवारी सकाळी दहाला व्हिडिओवर ये. मी प्रश्न विचारीन. त्या तासात मला आई म्हणायचं नाही, आणि गप्प बसलीस तर मी खरोखर तसंच लिहून देईन.

तुझी,
आई