सॅमी बॉ आणि गाळलेले दोन रकाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपर बोल या अंतिम सामन्याच्या निमित्ताने आपल्या क्रीडा पुरवणीत अमेरिकन फुटबॉलमधल्या थोर क्वार्टरबॅकचा, म्हणजे संघासाठी पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूंचा, तक्ता आला. त्यात सॅमी बॉ अगदी तळाशी आहे, पासमधून मिळवलेल्या 21,886 यार्ड एवढ्या आकड्यासह. आकडा चुकलेला नाही. पण अलीकडच्या टॉम ब्रेडीच्या 89,214 यार्डांखाली तो छापला, की नवा वाचक म्हणणार, यात काय मोठे? बॉने 1937 ते 1952 असे 16 मोसम वॉशिंग्टनकडून काढले आणि त्यातली बरीच वर्षे पास टाकणे हे त्याच्या कामाचा एक भाग होते. उरलेल्या कामांचे रकाने तक्त्यात नाहीत.

1943 चा मोसम पाहा. सर्वाधिक यशस्वी पास बॉचे, 133. पंटची (लाथेने लांब उडवलेल्या चेंडूची) सर्वोत्तम सरासरी त्याचीच, 45.9 यार्ड. आणि प्रतिस्पर्ध्याचे सर्वाधिक पास मधल्यामध्ये पकडणाराही तोच, 10 सामन्यांत 11. रणजीच्या एकाच मोसमात सर्वाधिक धावा, बळी आणि झेल एकाच्या नावावर लागावेत, तसला हा प्रकार. 14 नोव्हेंबरला डेट्रॉइटविरुद्ध त्याने चार टचडाउन पास (गोलरेषेपार नेऊन गुण मिळवून देणारे) टाकले आणि समोरच्यांचे चार पास पकडले. वॉशिंग्टन 42-20 असे जिंकले. योगायोग असा, की त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये शिकागो बेअर्सच्या सिड लकमनने सात टचडाउन पास टाकून विक्रम केला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या वर्षी पासचे यार्ड (2,194) आणि टचडाउन (28) लकमनचे जास्त होते, मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. शिवाय महायुद्धामुळे निम्मीशिम्मी माणसे सैन्यात गेलेली. संघाची मर्यादा 28 खेळाडूंवर आली, क्लीव्हलँडने मोसमच सोडला, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांना एकत्र संघ उतरवावा लागला. म्हणजे बॉसमोरचा विरोध काहीसा पातळ होता. तरीही पास, पंट आणि प्रतिस्पर्ध्याचे पास पकडणे या तिन्ही कामांत एकाच वर्षी पहिला येणे पुन्हा कुणाला जमलेले नाही, आणि जमणारही नाही, कारण 1950 पासून खेळाडू कितीही वेळा बदलायची कायमची मुभा मिळाली आणि प्रत्येक कामाला वेगळा माणूस आला.

पंट म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधी लाथेने उडवणे. चार प्रयत्नांत 10 यार्ड सरकणे जमेनासे दिसले, की चेंडू लांब धाडून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायचे. नेहमीच्या पंटमध्ये मारणारा, चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेच्या बराच मागे उभा राहतो. त्याला वेळ मिळतो, पण समोरचाही सावध होऊन आपला माणूस खोलवर उभा करतो. बॉची खासियत होती ‘क्विक किक’. सिंगल विंग रचनेत चेंडू थेट मागच्या खेळाडूकडे यायचा, रेषेपासून जेमतेम चार-पाच यार्डांवर. तिथून तो पास टाकेल, धावेल किंवा लाथ मारेल, काहीच कळायचे नाही. तो चौथ्या प्रयत्नाची वाट न पाहता तिसऱ्याला, कधी त्याहून आधीच, चेंडू उडवायचा. पासच्या धास्तीने बचावपटू पुढे आलेले असत. चेंडू त्यांच्या डोक्यावरून जायचा आणि मोकळ्या मैदानात घरंगळत राहायचा. पंट मोजतात तो रेषेपासून चेंडू थांबेपर्यंत, त्यामुळे ते घरंगळणेही हिशेबात येते.

1940 मधल्या 35 पंटची त्याची 51.4 यार्डांची सरासरी म्हणजे साधारण 47 मीटर. त्यात क्विक किकचा हात आहे, हे मान्य. पण तो विक्रम 2022 पर्यंत टिकला, तेही केवळ पंटसाठी नेमलेले खेळाडू मिळू लागल्यावर!

क्विक किक दिसते तितकी सोपी नाही. अंतर कमी असल्याने पाय उचलायला उशीर झाला तर चेंडू पुढे धावून आलेल्याच्या छातीवर आदळतो. म्हणून चेंडू झेलता झेलताच अर्धे पाऊल मागे घ्यायचे, तो उंच न सोडता पायाजवळ सोडायचा आणि फटका सपाट ठेवायचा. फार जोरात गेला तर चेंडू गोलरेषा ओलांडतो आणि प्रतिस्पर्ध्याला 20 यार्डांच्या रेषेवर आयता मिळतो. त्यासाठी बाजूरेषेच्या कोपऱ्याकडे नेम धरून चेंडू बाहेर घालवायची कला लागते. ती बॉकडे होती.

पासचे श्रेय देतानाही काळ लक्षात घ्यावा. रेषेमागून कुठूनही पास टाकायची परवानगी 1933 मध्ये आली. चेंडूचा घेर 1934 मध्ये कमी करून 21.25 ते 21.5 इंचांवर आणला गेला, तेव्हा कुठे तो एका हातात नीट मावू लागला. बॉने टेक्सासमध्ये पोरवयात झाडाच्या फांदीला मोटारीचा जुना टायर टांगला, त्याला झोका दिला आणि 10, 15, 20 यार्डांवरून, तेही पळता पळता, भोकातून चेंडू घालायचा सराव केला. माणूस आत्ता आहे तिथे चेंडू टाकण्यापेक्षा तो जिथे पोचणार तिथे टाकायची सवय यातून लागते. 1937 च्या अंतिम सामन्यात, पहिल्याच मोसमात, शिकागोच्या गोठलेल्या मैदानावर त्याने 55, 78 आणि 35 यार्डांचे टचडाउन पास टाकले आणि बेअर्सला 28-21 असे हरवले. 1945 मध्ये, एव्हाना संघ टी-फॉर्मेशनवर (क्वार्टरबॅक रेषेला लागूनच उभा राहतो त्या रचनेवर) आलेला असताना, 182 पैकी 128 पास यशस्वी, म्हणजे 70.3 टक्के.

सगळी कामे एकट्याने करण्याची किंमतही होती. 1943 च्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच बॉ पंट परत आणणाऱ्या लकमनला अडवायला गेला, डोक्याला मार लागला आणि बराच वेळ बाहेर बसला. वॉशिंग्टन 41-21 असे हरले. आजचा कोणता प्रशिक्षक आपल्या क्वार्टरबॅकला असे अडवायला पाठवेल? 1945 च्या अंतिम सामन्यात वेगळेच घडले. क्लीव्हलँडच्या कडाक्याच्या थंडीत त्याने आपल्याच गोलरेषेमागून टाकलेला पास खांबावर आपटला. तेव्हा खांब गोलरेषेवरच असत आणि नियमाप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळाले. सामना 15-14 असा गेला. पुढच्या मोसमापासून असा पास नुसता अयशस्वी धरला जाऊ लागला.

1963 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या 17 जणांत त्याचे नाव होते. 17 डिसेंबर 2008 ला तो गेला, तेव्हा त्या 17 पैकी तो शेवटचा उरला होता.

तक्ता पुन्हा छापणार असाल, तर त्याच्या ओळीत एवढी भर घालावी : पकडलेले प्रतिस्पर्ध्यांचे पास 31, पंट 338, सरासरी 45.1 यार्ड. बाकीच्या क्वार्टरबॅकपुढे ते रकाने बहुतेक रिकामेच राहतील.

आपले,
दोन नियमित वाचक, पुणे