वजन घटले म्हणजे विघटन झाले?

महोदय,

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर मक्याच्या पिशवीची बातमी वाचली: विद्यार्थ्यांनी मक्याच्या स्टार्चची पिशवी केली आणि तिची पट्टी कुंडीत पुरून, काढून, तोलून पाहिली. विद्यार्थ्यांचे कौतुक जरूर करा, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'तीस दिवसांत 35 टक्के विघटन' हे वाक्य छापण्यापूर्वी त्याच बातमीत खाली दिलेली कृती कोणी वाचली असती तर बरे झाले असते.

कृती अशी: 10 ग्रॅम मक्याचा स्टार्च, 5 मिलिलिटर ग्लिसरीन, पाणी आणि थोडे व्हिनेगर, मिश्रण पारदर्शक होईपर्यंत तापवायचे आणि ताटात ओतून वाळवायचे. ग्लिसरीनची घनता 1.26, म्हणजे 5 मिलिलिटरचे वजन 6.3 ग्रॅम. पाणी उडून गेल्यावर उरलेल्या 16.3 ग्रॅममध्ये ग्लिसरीनचा वाटा 38 टक्क्यांच्या वर जातो. हे ग्लिसरीन स्टार्चला रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते स्टार्चच्या लांब रेणू-साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देते, म्हणून पिशवी लवचिक राहते. पाण्यात मात्र ते हवे तेवढे मिसळते. ओल्या कुंडीत पट्टी पुरली की ग्लिसरीन पाण्याबरोबर बाहेर पडते आणि वजन घटते. 35 टक्के घट दाखवायला एकाही जिवाणूला तोंड उघडावे लागत नाही.

स्टार्च मातीत कुजतो, हे खरेच. शिळी भाकरी उकिरड्यावर टाकली तरी कुजते. प्रश्न मोजमापाचा आहे, आणि मराठवाड्यातल्या किती प्रकल्प-अहवालांत हीच 'कुंडीत पुरा, काढा, धुवा, तोला' पद्धत वर्षानुवर्षे उतरवली जाते, ते परीक्षकांना चांगले ठाऊक आहे. आपली काळी माती चिकट. पट्टी नीट धुतली नाही तर मातीचे वजन धरले जाते. जोर लावून धुतली तर मऊ झालेले तुकडे नळाखाली वाहून जातात आणि तेही 'विघटना'त जमा होतात. त्यात पुरण्याआधीचे वजन दमट पट्टीचे आणि नंतरचे ओव्हनमधून काढलेल्या पट्टीचे असेल, तर आणखी काही टक्के फुकटात मिळतात. निदान एवढे करा: तशीच एक पट्टी दिवसभर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा, मग 50-60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोला. जी घट येईल ती नुसत्या विरघळण्याची. ती वजा करून जे उरेल त्यावर बोलू.

खरी चाचणी कार्बन डायऑक्साइड मोजण्याची, कारण सूक्ष्मजीव नमुना खातात तेव्हा त्यातला कार्बन याच वायूच्या रूपात बाहेर पडतो. आयएसओ 14855 या आंतरराष्ट्रीय मानकात ती दिलेली आहे आणि तिच्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. पिकलेले कंपोस्ट (कोरडे) सहा भाग आणि नमुना एक भाग; छोट्या स्वरूपात 60 ग्रॅमला 10 ग्रॅम. तापमान 58 अंश, दोन अंश इकडेतिकडे. तीन बरण्यांत नमुना, तीनमध्ये नुसते कंपोस्ट (त्याचा स्वतःचा वायू वजा करायला), तीनमध्ये कंपोस्टसोबत सेल्युलोज (हमखास कुजणारा वनस्पतीजन्य पदार्थ, तुलनेसाठी). सेल्युलोजचे विघटन 45 दिवसांत 70 टक्क्यांवर गेले नाही, तर कंपोस्टच मेलेले आहे; चाचणी रद्द. हिशेबही सरळ आहे: 10 ग्रॅम सेल्युलोजमध्ये 4.44 ग्रॅम कार्बन, तो सगळा खाल्ला गेला तर 16.3 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बाहेरची हवा आधी सोडा लाइममधून (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या खड्यांतून) न्यायची, म्हणजे तिच्यातला कार्बन डायऑक्साइड हिशेबात येत नाही. बरणीतून निघालेली हवा बेरियम हायड्रॉक्साइड या बेसच्या (अल्कलीच्या) द्रावणातून सोडायची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड तिथे बेरियम कार्बोनेट होऊन अडतो, आणि उरलेला बेस 0.05 नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करायचा, म्हणजे तो संपवायला किती आम्ल लागते ते मोजायचे. कोऱ्या, म्हणजे हवा न सोडलेल्या, द्रावणापेक्षा जितके मिलिलिटर आम्ल कमी लागेल, त्या प्रत्येकामागे 1.1 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दर्शक (बेस संपला की रंग बदलणारे द्रव्य) फिनॉल्फ्थॅलिनच घ्या. मिथिल ऑरेंज घेतले तर तळाशी बसलेले बेरियम कार्बोनेटही आम्लात विरघळू लागते आणि आकडा बिघडतो.

बिघाडाच्या जागा ठरलेल्या आहेत. सिलिकॉनची नळी वापरू नका, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड आरपार निघून जातो. बेरियमच्या बाटलीत नळीच्या टोकाला पांढरा थर धरतो आणि हवा अडते. आणि आपल्याकडचा हमखास पाहुणा, भारनियमन: पंप बंद पडला, बरणी गार झाली की आतली हवा आकसते आणि बेरियमचे द्रावण उलटे कंपोस्टमध्ये ओढले जाते. मध्ये एक रिकामी बाटली ठेवली की ते तिथेच अडते. पण पंप बराच वेळ बंद राहिला तर कंपोस्टमधला प्राणवायू संपतो, मिथेन तयार होऊ लागतो आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा खोटाच कमी येतो. म्हणून इन्व्हर्टरवर आधी पंप घ्या, विभागप्रमुखांचा पंखा नंतर.

बातमीतल्या चौकटीत कोणा 'तज्ज्ञां'नी पीएलएच्या (पॉलिलॅक्टिक आम्ल, मक्यासारख्या पिकांपासून बनवलेले प्लॅस्टिक) मल्चिंग पेपरची, म्हणजे पिकाभोवती जमिनीवर अंथरायच्या पातळ कागदाची, भलावण करताना म्हटले आहे की मराठवाड्यातल्या उन्हात तो 'लवकर विरघळेल'. पीएलएच्या रेणू-साखळीतले एस्टर बंध (तिचे दुवे जोडणारे बंध) तोडायला उष्णता आणि पाणी दोन्ही एकत्र लागतात, आणि साखळ्या पुरेशा आखूड झाल्यावरच सूक्ष्मजीव त्यांना हात लावतात. 55-60 अंशांच्या खाली पीएलए काचेसारखा कडक असतो आणि हे काम रखडते. मे महिन्यात वरची माती तापते, पण कोरडी ठणठणीत असते. पावसाळ्यात ओल येते तेव्हा ती गार झालेली असते. म्हणून 'कंपोस्टेबल' शब्दाचा अर्थ औद्योगिक कंपोस्ट भट्टीपुरता घ्यायचा. आयएसओ 17088 चा निकषही तिथलाच आहे: 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा, आणि 12 आठवड्यांनी 2 मिलिमीटरच्या चाळणीवर 10 टक्क्यांहून जास्त तुकडे उरू नयेत. शेतात मुरणाऱ्या मल्चिंगसाठी ईएन 17033 हे वेगळे युरोपीय मानक आहे. त्यात मातीत, 20 ते 28 अंशांवर, दोन वर्षांत 90 टक्के अशी अट आहे. टरबूजवाल्या शेतकऱ्याने चौकट वाचून पीएलएचा रोल आणला आणि पुढच्या हंगामात रोटाव्हेटरला चिंध्या गुंडाळल्या, तर तो आपल्या कार्यालयात येणार की त्या तज्ज्ञांच्या?

आता लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. त्याच चौकटीत '50 मायक्रॉनपेक्षा जाड पिशव्यांना परवानगी' असे छापले आहे. केंद्राच्या नियमात ही मर्यादा 30 सप्टेंबर 2021 पासून 75 आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन झाली. महाराष्ट्रात तर 2018 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर जाडी काहीही असली तरी बंदी आहे. आणि 'पॉलिमर शिकायचे तर पुण्या-मुंबईला जावे लागते' हे वाक्य मराठवाडा आवृत्तीत कसे आले? छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत सिपेट (केंद्र सरकारची प्लॅस्टिक तंत्रज्ञान संस्था) आहे, दहावीनंतरच्या पदविका तिथे होतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा कॅम्पस 2018 पासून जालन्यात आहे. आपल्या वार्ताहराला दोन्हीकडे जायला बस मिळते.

35 टक्क्यांची आणि मायक्रॉनची दुरुस्ती तिसऱ्याच पानावर छापावी, ही विनंती. नेहमीप्रमाणे आतल्या पानावर, निविदांच्या खाली नको.

कळावे,
एक वाचक, जालना