शिक्षक दिनाचा सत्कार : नावं रविवारपर्यंत पाठवा

सभासदहो, ५ सप्टेंबरला आपण चित्रं, नकाशे, आलेख यांतून विषय डोळ्यांसमोर उभा करणाऱ्या प्राध्यापकांचा सत्कार करतोय. अजून फारच कमी नावं आली आहेत.

१८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी लंडनमधले कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवतीच दाटलेले स्पष्ट दिसले. एका चित्राची ताकद ती! आपल्या ठाण्यात कुणी मासुंदा तलावाच्या जुन्या-नव्या नकाशांवरून शहराची वाढ शिकवत असेल, कुणी खाडीच्या भरती-ओहोटीचे आलेख मुलांकडूनच काढून घेत असेल. अशांची नावं हवीत. स्लाइड वाचून दाखवणं यात धरणार नाही, आधीच सांगितलेलं बरं.

सोबत फळ्याचा किंवा आकृतीचा फोटो जोडा. स्वतःचं नाव सुचवायलाही हरकत नाही. ग्रुपवर टाकू नका, सचिवांना पाठवा.