काढ्याने सीडी-4 वाढत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला 'प्रतिकारशक्ती वाढवा, एचआयव्हीला हरवा' हा लेख वाचून संताप झाला. काढे आणि चूर्णं घेऊन 'पेशी जागवा' असं सांगायला अख्खं पान, आणि एआरटीच्या म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या गोळ्या 'सोबत चालू ठेवाव्यात' ही शेवटी जाता जाता अर्धी ओळ!

माझ्या दिरांचं असंच झालं. गोळ्यांवर रक्तातल्या सीडी-4 या संरक्षक पेशींचा काउंट सहाशेच्या वर गेला होता, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण तपासणीत सापडतही नव्हतं. कुणीतरी कानात सांगितलं, आता अंगात ताकद आलीय, गोळ्यांनी लिव्हर जाईल, हे चूर्ण घे. त्यांनी जावेच्या नकळत गोळ्या बंद केल्या. कपाटात स्वेटरमागे न फोडलेल्या डब्या सापडल्या, तोवर रोज संध्याकाळी ताप चढत होता आणि मानेला गाठी आल्या होत्या. काउंट 94 आणि गाठींचा टीबी. चूर्ण देणारा नंतर फोनही उचलेना.

लेखकमहाशय, हा विषाणू शिरतो तोच मुळी सीडी-4 पेशींत, म्हणजे बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावणाऱ्या पेशींत. तिथे त्यांच्याच डीएनएमध्ये तो ठाण मांडतो. गोळ्या त्याची पैदास रोखतात, म्हणून काउंट वर येतो. पण सुप्त पेशींत तो दडून राहतोच, आणि गोळ्या थांबल्या की बहुधा काही आठवड्यांत पुन्हा रक्तात दिसू लागतो. त्यात सक्रिय झालेल्या पेशींतच त्याची वाढ जोरात होते. मग 'पेशी जागवून' एचआयव्हीला हरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? काउंट 200 च्या खाली गेला की निरोगी माणसं ज्या जंतूंना सहज पचवतात, तेही जिवावर उठतात. म्हणूनच 2017 पासून काउंट कितीही असो, सरकारी केंद्रात निदान झालं की गोळ्या सुरू करतात, त्याही फुकट. लेखात याचा एका शब्दाने उल्लेख नाही.

आणि त्याच पानाच्या तळाला प्रतिकारशक्तीच्या चूर्णाची जाहिरात! जाहिरात घ्यायची तर घ्या, पण तिच्या डोक्यावर असला लेख ठेवू नका.

पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत खुलासा छापावा. गोळ्या मनाने बंद करू नका असं त्यात स्पष्ट लिहावं आणि 1097 हा मोफत हेल्पलाइन नंबर द्यावा.

कृपया माझं नाव छापू नये. घरात पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत.

– एक वाचक, सांगली