सड्यावर जाताना सांगून जा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. बोलायचं होतं ते राहिलंच, म्हणून लिहिते आहे.

धावू नकोस असं मी म्हटलं नव्हतं. कामापायी गावोगाव राहतेस, दिवसभर लॅपटॉपपुढे असतेस, तरी सकाळी धावतेस आणि संध्याकाळी मामाच्या वाडीत राबतेस. मला कौतुकच आहे त्याचं. माझं म्हणणं एवढंच की कुठल्या वाटेने जातेस आणि किती वाजता परतशील ते मामीला सांगून जा. तू न सांगता गेलीस आणि साडेनऊपर्यंत बिचारी पायरीवर बसून होती.

सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, पण मे महिन्यातला सडा आणि ऑगस्टमधला सडा एक नव्हे. कातळावर काळपट-हिरवा थर दिसेल तिथे शेवाळ आहे असंच समज. पाऊल सपाट टाक, टाच आधी टेकवू नकोस, आणि वेग वळणाच्या आधीच कमी कर. गवतातल्या खाचा दिसत नाहीत, घोटा तिथेच मुरगळतो. पण शेवाळाहून मोठी भीती चिरेखाणींची, जांभा दगड कापून काढलेल्या खड्ड्यांची. यंत्राने कापलेली उभी कडा, कठडा नाही, आत पाणी. धुकं उतरलं की दहा पावलांवरची कडा दिसत नाही, आणि आत पडलेल्याला वर यायला पाय ठेवायला जागा मिळत नाही. धुक्याच्या दिवशी डांबरी रस्त्यानेच धाव, चढ तिथेही भरपूर आहे. मोबाइलला रेंज नसते, म्हणून गळ्यात शिट्टी ठेव. होकायंत्रावर भिस्त नको. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठण्याच्या कातळशिल्पावर तर सुई भरकटते, तुला मामाने दाखवलंच असेल. आणि त्या शिल्पांवरून धावायचं नाही. 2022 साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण बरीचशी अजून उघड्यावरच आहेत. पावसात गवत-मातीखाली झाकली जातात, म्हणून मामाला विचारून वाट ठरव. म्हणजे सांगून जाणं आपोआप होईल.

वाडीतल्या कामाबद्दल. माडाची आळी मोकळी करताना खोडापासून सहा फुटांपर्यंतच जा, आणि बुंध्याजवळ कुदळ खोल घालू नकोस, मुळं तुटतात. एका माडाला शेणखत 50 किलो, म्हणजे चार-पाच घमेली. घमेलं उचलताना गुडघ्यात वाक, अंगाशी धरून वळ. ज्या दिवशी खणलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी सड्याचा उतार नको. कंबर थकली की पाऊल पुरेसं उचललं जात नाही आणि साध्या दगडाला ठेच लागते. त्या दिवशी सपाटीवर सावकाश धाव.

तात्यांनी तुझ्यासाठी लोहाराकडून लहान मुठीचं खुरपं करून आणलं होतं, आठवतं? ते घेऊन अळवाच्या कडेला बसायचीस. गांडूळ वर आलं की परत मातीत ठेवून वरून माती सारायचीस आणि आजीला बजावायचीस, इथे पाय देऊ नकोस. ते खुरपं माळ्यावर असेल, मामाला शोधायला सांग.

बेणणी, म्हणजे गवत काढणं, ग्रासकटरने करतेस म्हणे. टाकीवर लिहिलेलं प्रमाण आधी वाच. 25 ला 1 असेल तर लिटरभर पेट्रोलला 40 मिली टू-टी ऑइल, 50 ला 1 असेल तर 20 मिली. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. उजवीकडून डावीकडे काप. पात्याची समोरची उजवी बाजू दगडाला लागली तर यंत्र उसळून अंगावर येतं. गडग्याजवळ, दगडी कुंपणाजवळ, लोखंडी पातं नकोच, तिथे नायलॉनची दोरी लाव. चष्मा घाल, 15 मीटरच्या आत कुणाला येऊ देऊ नकोस, विशेषतः मामाच्या नातवाला.

पातेरा, म्हणजे वाळका पाला, हाताने गोळा करू नकोस, दाताळ्याने ओढ. पातेऱ्यात आणि गडग्याच्या फटींत फुरसं, तो विषारी साप, असतं. वेटोळं करून अंग अंगाला घासतं, करकर असा आवाज येतो. तो ऐकू आला की जागच्या जागी थांब आणि मग मागे सर. अंधारात वाटेवरही पडलेलं असतं, म्हणून फटफटीत उजाडल्याशिवाय निघायचं नाही. चावलंच तर दोरी बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. घड्याळ, अंगठी काढ, पाय काठी बांधून स्थिर ठेव, चालू नकोस, 108 ला फोन. दवाखान्यात दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलं, लस लगेच सुरू. आमच्या वॉर्डात ही नळी पावसाळाभर तयार असते. पण हे सगळं तू कुठे आहेस हे कुणाला ठाऊक असेल तरच.

पुन्हा तेच लिहिलं. व्याख्यान झालं, माफ कर. तू 27 वर्षांची आहेस हे मला कळतं. साताऱ्याच्या डोंगरावरची हाफ मॅरेथॉन पुरी करून आलीस तेव्हा तुझ्या बाबांनी ते पदक देवघरात ठेवलं, अजून तिथेच आहे.

दोनच गोष्टी राहिल्या. गुडघ्यावर खरचटलंय म्हणतेस, मग गोठ्याच्या, वाडीच्या पाण्यात उघड्या पायाने उतरू नकोस. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाचा जंतू, जखमेवाटे शिरतो. गमबूट घाल. डॉक्सीसायक्लिनचं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचार, ते आठवड्याला 200 मिलिग्रॅम सांगतील. गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल, यातलं काहीही झालं तर अंगावर काढू नकोस. आणि बूट चुलीजवळ वाळवू नकोस, तळ सुटतो. आत वर्तमानपत्र कोंब. बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, चिखल्या झाल्या तर आठवडाभर धावणं बंद. धावून आल्यावर मामीकडून मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज घे, चहा नंतर.

गणपतीनंतर आंबोलीला जाणार म्हणालीस. तिथे जळवा असतात. ओढून काढू नकोस, नख तिच्या तोंडाशी घालून बाजूला सरकव. रक्त बराच वेळ वाहील, घाबरू नकोस, साबणाने धू आणि दाबून धर. तिथे ना मामी आहे ना पायरी. ज्यांच्याकडे खोली घेशील त्यांचा नंबर आधी मला पाठव.

तुझी,
आई