‘पेप्सी’ म्हणजे नक्की कुठलं घड्याळ?

जिनिव्हा

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

‘जुनी पेप्सी मिळतेय, घेऊ का?’ असं विचारलंस, पण कुठली ते लिहिलं नाहीस. रोलेक्सच्या जीएमटी-मास्टरला पेप्सी म्हणतात, आणि सैकोच्या एसकेएक्स००९ लाही. साम्य एकच, बेझल (काचेभोवतीची कडी) लाल-निळी. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

अशी नावं बहुधा कंपनी ठेवत नाही, शौकीन ठेवतात. कंपनी देते तो क्रमांक, आणि गप्पांत ‘१२६७१०बीएलआरओ’ कोण म्हणणार? (हा रोलेक्स पेप्सीचा एक क्रमांक; शेवटची अक्षरं फ्रेंच ‘ब्ल्यू’ आणि ‘रूज’ची, म्हणजे निळा-लाल.) १९५० च्या दशकात पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी मूळ जीएमटी-मास्टर निघालं. दुसऱ्या ठिकाणच्या वेळेत दिवस की रात्र ते चटकन कळावं म्हणून दोन रंग. शीतपेयाचा काही संबंध नव्हता. पण एकाला पेप्सी म्हटल्यावर लाल-काळं झालं कोक, तपकिरी-सोनेरी रूट बिअर (हेही एक अमेरिकन शीतपेय). २०१३ मध्ये काळं-निळं आलं, त्या रंगाचं पेय कुणाला आठवेना, मग बॅटमॅन! २०१९ मध्ये ते ज्युबिली नावाच्या, पाच कड्यांच्या पट्ट्यावर आलं आणि बॅटगर्ल झालं. २०२१ पासून त्याच क्रमांकाचं घड्याळ बॅटमॅनच्या मूळच्या, तीन कड्यांच्या ऑयस्टर पट्ट्यावरही मिळू लागलं. म्हणजे पट्टा बदलला की नाव बदललं.

आकारावरून पडलेली नावं जास्त भरवशाची. सैकोच्या ६३०९-७०४० ची केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) दोन्ही बाजूंनी फुगीर, म्हणून टर्टल, म्हणजे कासव. केस कोण बदलत बसणार? माणसांच्या नावांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. रोलेक्स १६५५ ला ‘स्टीव्ह मॅक्वीन’ म्हणतात, पण त्या हॉलिवूड नटाच्या मनगटावर दिसतं ते रोलेक्सचंच दुसरं घड्याळ, सबमरीनर ५५१२. इटलीतले शौकीन त्याच १६५५ ला नारिंगी बाणासारख्या काट्यावरून ‘फ्रेच्चोने’ (मोठा बाण) म्हणतात; ते नाव खरं. नट पॉल न्यूमनचं नाव पक्कं आहे, त्याची स्वतःची रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. पण तिथे नाव चिकटलंय ते डायलला, आणि म्हणूनच बनावट डायलचा सुळसुळाट.

आता तुझ्या पेप्सीचं. सैको असेल तर बेझलमधली रंगीत चकती ॲल्युमिनियमची, स्वस्त आणि सहज निघणारी. काळ्या एसकेएक्स००७ वर लाल-निळी चकती बसवली की झाली पेप्सी. मागचं झाकण बघून उपयोग नाही, दोन्हींवर ७एस२६-००२० असंच असतं. डायल उन्हात धर: ००९ चं गडद निळं असतं. काळं दिसलं तर ते ००७, किंवा डायलही बदललेलं.

रोलेक्स असेल तर १२ च्या बाजूचा पट्टा सोडवून केसवरचा क्रमांक बघ. १६७१० असेल तर त्यानेही बेझल ठरत नाही, कारण ते घड्याळ पेप्सी, कोक आणि काळ्या अशा तिन्ही बेझलमध्ये विकलं जायचं. जुनी लाल चकती उन्हाने गुलाबी पडते. पट्टा-केस झिजलेली आणि लाल रंग कोरा करकरीत असेल, तर चकती मागाहून बसवली आहे असंच धर आणि त्या हिशोबानेच भाव कर.

डायलचा उन्हातला, मागच्या झाकणाचा आणि बेझलचा जवळून, असे तीन फोटो पाठव. तोवर बयाणा देऊ नकोस. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा