वस्तादकीविषयी मुलास पत्र

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गावच्या तालमीतल्या पोरांना शिकवशील का, असे मंडळींनी विचारले, तेव्हा ‘म्हणजे आता माझी कुस्ती संपली म्हणायची’ असे तू आईला फोनवर म्हणालास. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी स्पर्धा खेळायला मनाई केली, त्याचे दुःख मला कळते. तरीही तुझे ते बोलणे मला पटले नाही.

हरिश्चंद्र बिराजदारमामांचे नाव आपल्या लातूरकडे कोणाला सांगावे लागत नाही. 1969 साली महाराष्ट्र केसरी, 1970 साली एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताब. आणि बेळगावला त्यांनी सत्पालसारख्या नामांकित मल्लाला अस्मान दाखवले ती कुस्ती तर आमच्या पिढीची माणसे अजून हातवारे करून सांगतात. एवढे मिळवलेल्या मल्लाने पुढचे आयुष्य पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवण्यात घालवले.

मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. मामा अंगापिंडाने थोराड, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला पाटोद्याचा राहुल आवारे 57 किलोचा. भारी मल्ल अंगावर वजन टाकून, मान दाबून समोरच्याला दमवू शकतो. हलक्या गटातल्या पोराला ते शिकवून काय उपयोग? त्याला पटात शिरण्याची, म्हणजे झटकन वाकून समोरच्याचे पाय धरण्याची, चपळाई हवी आणि मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत एकेक गुण वेचण्याची अक्कल हवी. म्हणजे वस्तादाला आपले हुकमी डाव बाजूला ठेवून शिष्याच्या अंगाने कुस्ती पाहावी लागते. मी स्वतः जत्रेतल्या कुस्त्यांपलीकडे गेलो नाही, पण हे काम लढण्याहून सोपे नाही एवढे मला समजते. तू एकलांगी या एकाच डावावर पुष्कळ कुस्त्या मारल्यास. आता प्रत्येक पोराला एकलांगीच शिकवायला जाशील, अशी मला खरे तर थोडी धास्ती आहे.

मामा 2011 साली गेले. राहुल पुढे मामांचेच शिष्य काका पवार यांच्याकडे तयारी करू लागला, आणि 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिंकलेले सुवर्णपदक त्याने मामांना अर्पण केले. एडिंबराला तेव्हा 48 वर्षे झाली होती.

तालमीचा हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, पावसाळ्यापासून कोणी उकरलेला नाही, माती दगडासारखी झाली आहे. ताक, हळद आणि तेल मी आणून ठेवतो. रविवारी पहाटे ये. खोरे मात्र पोरांच्या हाती दे, गुडघ्यावर जोर देऊ नकोस.

तुझे,
बाबा